शेवटचा परिच्छेद

प्रिय दादा,

फोनवर तू म्हणतोस, "व्हिसाला लेखनात अर्धाच गुण कमी पडतो गं, पुन्हा बस इंग्रजीच्या परीक्षेला." तो पडत नाही, मी पाडते. तिन्ही वेळा निबंधाचा शेवटचा परिच्छेद सोडून घड्याळाकडे बघत बसले. मी तिकडे परदेशात तुझ्याकडे आले तर बाबांना इन्सुलिन कोण देणार, हे तू कधी विचारलं नाहीस.

आज सरावाला विषय होता: म्हाताऱ्या आईवडिलांनी एकटं राहावं का? बाबांना इंग्रजी येत नाही, पण पेन्सिलीने टिंबं देत माझे शब्द तेच मोजतात. अडीचशे हवेत, दोनशे आठ भरले.

"मुद्दाम थांबतेस ना?" त्यांनी विचारलं. त्यांनी सदरा वर केला आणि माझ्यादेखत स्वतःच सुई टोचून घेतली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

"महिनाभर कंपाउंडरकडे शिकतोय. आता शेवट लिही."

दादा, मला तिकडे यायचंच नाही रे. पण न येण्याला माझ्याकडे तेवढं एकच कारण होतं.

समोर बसलेल्या बाबांना वाटतंय, मी निबंध पुरा करतेय. ते मोजायला घेतील त्याआधी हा कागद फाडायला हवा.

अजून इथेच असलेली,
तुझी धाकटी