सॅकवरची फुली

सोमवार, ४

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू, आज अंगावर आणि पाठीवर असलेल्या — सॅक. सॅकचे पट्टे. पट्ट्यांच्या कड्या (जाड तार तापवून वाकवल्या, कानशीनं घासल्या). पावसाचं आच्छादन. बाटलीची पिशवी. कमरेचा पट्टा आणि त्यातला चोरखिसा. चपलांचे तळ. या वहीची शिवणसुद्धा.

विकतची एकच — चेन. चेन घरी होत नाही. एक अख्खा उन्हाळा त्यात घालवलाय, म्हणून ठामपणे सांगतो.

लॉज बरं आहे. खोलीत चार खाटा, मी भिंतीकडची धरली. सॅक खाटेच्या पायाला साखळीनं बांधली. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "काका, आत सोनं आहे की काय?"

हसलो नाही. आत वाळू आहे. वाळूचं वजन घेऊन गावोगाव हिंडायचं आणि कुठली शिवण आधी दमते ते बघायचं, यासाठीच हा दौरा. त्याला सांगितलं असतं तर पटलं नसतं. आणि पटलं असतं तर ते जास्त वाईट!

मंगळवार, ५

हिचा फोन. पहिला प्रश्न — "सवत कशी आहे माझी?" सॅकला ती सवत म्हणते.

दुसरी बातमी वाईट. मऊसाहेब दुकानावर येऊन गेला. बॅगांच्या कंपनीचा माणूस. बोलणं लोण्यासारखं, म्हणून हे नाव मीच ठेवलं. "पाठीवर हलत नाही हो म्हणे! सॅक बघायला मिळेल का वहिनी, नुसती लांबून?" लांबून म्हणे! मांजर दुधाकडं लांबूनच बघतं.

ही म्हणाली, "देऊन टाका ना एकदाची. जागा तरी आपली होईल." जागेचं खरं आहे. आयुष्यभर ट्रकच्या ताडपत्र्या आणि गाड्यांच्या गाद्या शिवल्या त्या भाड्याच्या गाळ्यात. मालक कधी "उठा" म्हणेल नेम नाही. पण आकडा मऊसाहेबानं बोलायचा, मी नाही. तोवर सॅक कुणाच्या नजरेला पडता कामा नये.

पडली तरी बेत तयार आहे. सगळा भार एका पट्टीवर आहे, अस्तराच्या आत, खांद्यापासून कमरेपर्यंत. बाहेरून दिसत नाही. बाहेर दिसते ती पाठीवरची मोठी फुली, तिहेरी शिवणीची, लाल दोऱ्याची. बघणाऱ्याला वाटावं, सगळं गुपित इथंच! प्रत्यक्षात ती काहीच उचलत नाही. नक्कल करणारा भार फुलीवर टाकणार आणि तोंडावर आपटणार. हे कुणी शिकवलं नाही मला. माणसं बघून शिकलो.

बुधवार, ६

आज वन्यप्राणी संग्रहालय. लॉजवरची निम्मी पाठपिशवी-मंडळी निघाली होती, म्हटलं चला. दिवसभर चढउतार, वाळूची चांगली परीक्षा.

फाटकावरच अडवलं. टोकनवाल्यानं सॅक उचलून बघितली, चेन उघडली.

"वाळू?"

"वजन म्हणून."

"म्हणजे वजन घेऊन फिरायला आलात?"

"हो."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी आतल्या बाजूचा आणि तो तिकीट काढून आलेला! मग म्हणाला, सॅक इथं ठेवा, टोकन घ्या, माकडं हिसकतात. मी म्हटलं, ठेवणार नाही. तो म्हणाला, मग आत सोडणार नाही. मागं रांग तटलेली.

तेवढ्यात कुठूनशी एक खाकी बाई आली. इथलीच, प्राणी सांभाळणारी. "असू द्या हो त्यांच्याकडं. मी बघते." टोकनवाल्यानं वहीत माझ्या लॉजचं नाव लिहून घेतलं आणि सोडलं.

आता प्रश्न असा — ती का मधे पडली? मी काय तिचा मामा लागतो?

आत मोकळी रानं, मधे खंदक, वर पूल. वाघ झोपलेला. अस्वल एकाच वाटेनं ये-जा करत होतं, माती घासून गुळगुळीत झालेली. त्याची दया आली. पण लक्ष लागेना. अस्वलापाशी खाकी बाई माझ्या मागं. पाणपक्ष्यांपाशी मागं. उंटापाशी मी मुद्दाम बूट बांधायला वाकलो (बूट नव्हतेच, चपला होत्या!), तर तीही थांबली. एक खांदा पडलेला, जाकिटाखाली छातीपाशी काहीतरी फुगलेलं, आणि एक हात सतत त्याच्या खाली. कॅमेरा. दुसरं काय असणार!

सर्पगृहात खात्री पटली. अजगराच्या काचेत मागचं सगळं दिसत होतं. अजगर, त्यावर माझा चेहरा, आणि माझ्या खांद्याआड तिचा उचललेला फोन. सॅकचा फोटो!

गर्रकन वळलो. "काय पाहिजे?"

दचकली, पण हटली नाही. "काका, ही कुठं मिळाली तुम्हाला?"

"मिळाली नाही. केली."

"तुम्ही? मघापासून बघतेय, तुम्ही वाकलात, जिना चढलात, तरी ही हलत नाही हो! एकदा पाठीला लावून बघू?"

"नाही."

अगदी मऊसाहेबाचेच शब्द — हलत नाही हो! म्हणजे पढवून पाठवलेली. मी तडक फाटकाकडं निघालो. माकडं बघायची राहिली. पण बसमध्ये बसल्यावर मनातून हसू फुटलं. फोटोत काय आलं असेल? फुली! ने बाई, खुशाल ने!

गुरुवार, ७

लॉजवाला म्हणाला, संग्रहालयातून फोन होता, तुम्ही आहात का विचारत होत्या. मी सांगितलं, पुन्हा आला तर गेले म्हणून सांगा. गेलो नाही. बघू कोण कोण येतं.

शनिवार, ९

आली! जिन्यात उभी. आज जाकीट सपाट. तिनं थैलीतून एक खाकी कापडाची सॅक काढून माझ्या हातात दिली. पाठीवर माझी फुली, लाल दोऱ्याची. चारही टोकांनी फाटलेली.

चोर मुद्देमालासकट दारात! मी तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "रागवा काका, पण नंतर. आधी कुठं चुकलं ते सांगा."

मग सांगू लागली. कांगारूच्या मादीनं पिल्लू पोटाच्या पिशवीतून टाकलं, परत घेईना. अशा पिल्लाला माणसाच्या अंगावर पिशवीत वाढवावं लागतं, ऊब हवी म्हणून. पिशवी हेलकावली की ते भेदरतं आणि दूध सोडतं. ही रोज छातीशी बांधून एका हातानं तोलून धरते. खांदा गेला त्यात. तुमची सॅक बघितली आणि वाटलं, सुटले. फोटोवरून हातानं शिवली. "सगळा भार त्या फुलीवर टाकला. एवढी घट्ट शिवण उगाच कोण घालेल?"

काल फुली उसवली. पिल्लू फरशीवर पडलं.

"आहे?" मी विचारलं.

"आहे. मागचा पाय धरलाय. दूध तोंडात घेत नाही."

मी फाटलेली जागा उजेडात धरली. ठरवलं होतं तिथंच फाटली होती, ठरवलं होतं तशीच. कारागिरी चोख.

"दोरा कच्चा वापरलास," मी म्हणालो.

"मला वाटलंच!" तिला एकदम हायसं वाटलं. "जाड घेते. तीच फुली, पुन्हा घालते." आणि भराभरा जिना उतरून गेली.

हे लिहितोय आणि स्वतःला विचारतोय — कशावरून पिल्लू आहे? कशावरून मऊसाहेबानं रचलेली गोष्ट नाही? रडकी गोष्ट सांगून माणसाला उसवणं काय कठीण आहे! जाकीट सपाट होतं हे मी बघितलं. पण सपाट जाकिटानं काय सिद्ध होतं?

जेवण गेलं नाही.

रविवार, १०

खात्री करायला गेलो. दुसरं काही नाही, फक्त खात्री.

टोकनवाल्यानं ओळखलं. "आज वाळू किती?" त्याला म्हटलं, मला आत त्या बाईंकडं ने.

प्राण्यांच्या स्वयंपाकघरामागं एक बारकी खोली. पिवळा दिवा, दुधाच्या बाटल्या, वजनकाटा. खाकी बाई स्टुलावर बसून शिवत होती. फुलीच, जाड दोऱ्याची. आणि तिच्या मांडीवर, जुन्या स्वेटरच्या बाहीतून डोकावणारं — कान केवढे! तोंडाला शोभत नाहीत असले. मागचा पाय पट्टीत. माझ्याकडं बघितलं आणि बाहीत आत गेलं.

"बसा काका," ती म्हणाली. "एवढं टोक झालं की घालतेच त्याला."

मी म्हटलं, "थांब. ब्लेड आहे?"

सॅक उतरवली. वाळू दारापुढच्या कुंड्यांत ओतली. फुली उसवली, चारही टोकं, दोऱ्यासकट तिच्या हातात दिली. मग अस्तर फाडलं. फाडताना जिवावर आलं, खोटं कशाला लिहू. आतली पट्टी उघडी केली. बोट ठेवून दाखवली — भार हा असा खांद्यावरून येतो, इथून कमरेवर उतरतो.

ती पट्टीकडं बघत राहिली, मग फुलीकडं. "म्हणजे दोरा कच्चा नव्हता."

"नव्हता."

मला वाटलं, आता रागावेल. रागवायला हवं होतं. तिनं फक्त हातातली शिवण उसवायला घेतली.

सॅक तिच्या पुढून बांधली, पट्टे तिच्या मापाला आणले, पिल्लू आत ठेवलं. तिनं दोन्ही हात सोडले. किती दिवसांनी सोडले असतील! खोलीत चालली, वाकली, जिना चढली-उतरली. हललं नाही. जरा वेळानं आतून चुळबूळ झाली आणि मोठा कान बाहेर आला. तिनं बाटली लावली. पहिल्यांदा थुंकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ओढू लागलं. टोकनवाला दारात उभा होता, त्यानं टोपी काढली.

"काका, दुसऱ्या संग्रहालयातल्या लोकांना शिकवली तर चालेल? सगळ्यांचे खांदे गेलेत."

मी म्हटलं, "शिकव."

निघताना म्हणाली, "फुली मात्र फार सुबक होती हो." टोमणा होता की नाही, बस येईपर्यंत विचार करत होतो.

मंगळवार, १२

गावी पोचलो, सामान गाठोड्यात बांधून. तडक गाळ्यावर. ही दारातच — "सवत कुठंय?"

"नांदायला गेली."

हिनं सगळं ऐकून घेतलं. गाळ्याच्या छताकडं एकदा बघितलं, मग चहा टाकला.

दुपारी मऊसाहेबाचा फोन. शेवटी आकडा त्याच्याच तोंडून आला! अट एकच — आतली युक्ती दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही, सॅक कुणाला दिली असेल तर परत मागायची.

नाही म्हणालो. अठरा लाख म्हणाला होता.