बाथरूममधली हंसीण

४ जुलै
आजपासून रोज तळ्याभोवती चालायचं ठरवलं. पायांना व्यायाम, तोंडी नामस्मरण, आणि दोन्हीला खर्च नाही. एक फेरी झाली. इकडे उत्तरेत जुलै म्हणजे ऐन उन्हाळा, रानहंस आलेले आहेत. काठावर सगळीकडे त्यांची पिसं. लांब, दणकट, चांगली. कोणी उचलत नाही. लोकांना कशाची किंमत म्हणून राहिलेली नाही. पिशवीभर आणली. धुऊन वाळवली की एक उशी होईल.

५ जुलै
एवढी पिसं गळतात म्हणजे आजार. एकही हंस उडत नाही! कुत्रं अंगावर आलं तर पळतात, धडपडतात, पाण्यात पडतात, पण वर जात नाहीत. फिरायला येणाऱ्या शंभर लोकांत हे फक्त मला दिसलं. मॅट्रिकला माझं शास्त्र चांगलं होतं.
यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, हंसांचं हंस बघतील, तू दूध बघ, उतू चाललंय.
काठावर कसलासा मोठा फलक आहे. वाचला नाही. चष्मा बाहेर नेला की ओरखडे पडतात.

६ जुलै, पहाटे
एका हंसिणीची अवस्था फारच वाईट. पंखांत पिसंच नाहीत, नुसते खुंट. तिचा हंस तिला चिकटून असतो, तोही तसाच. दोघांना आणणं शक्य नाही, आपली बाथरूम एकच. प्रार्थनेला बसले. देवाने सांगितलं, एक तरी जीव वाचव. म्हणजे शब्दांत नाही सांगितलं, पण मन घट्ट झालं. तेच उत्तर.

सकाळी ९
आणली. जुनी चादर टाकून धरली. दंडावर दोन चावे, हनुवटीवर एक. तापात माणूससुद्धा हात झटकतं. हंस चादरीमागे थेट रस्त्यापर्यंत धावत आला, मान लांब करून ओरडत. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्याच बायकोला बरं करायला नेतेय. त्याला पटलं नसावं. पुढे मी मागे वळून पाहिलं नाही. घाई होती.

७ जुलै
आंघोळ घातली. अंगावर एवढा तेलकट थर की पाणी नुसतं ओघळून जायचं, भिजेचना! भांड्यांच्या साबणाने तीनदा घासली तेव्हा कुठे पाणी आत मुरलं. आता कशी लख्ख. दर रविवारी घालायची.
संध्याकाळपासून कुडकुडते आहे. अशक्तपणा. यांचा स्वेटर पांघरला. हे म्हणाले, मग मी काय पांघरू? म्हटलं, जुलै आहे.

११ जुलै
हे आता ऑफिसच्या बेसिनवर दाढी करतात. म्हणाले, साहेबांनी विचारलं, घरी नळ बंद आहे का? म्हटलं, सांगायचं की हो म्हणून. म्हणाले, तुझ्या पुण्यासाठी मी खोटं बोलू? एवढं लागट बोलायची काही गरज नव्हती.
समोरच्या वहिनींनी जिन्यात गाठलं. तुमच्याकडे रात्रभर कोण हो ओरडतं? मी म्हटलं, नणंद आलीय, तिला खोकला आहे. वहिनी म्हणाल्या, फारच वेगळा खोकला आहे हो.
नंतर प्रार्थनेला बसले तर मन लागेना. उद्या दुप्पट वेळ बसेन.

२० जुलै
गुण आला! खुंटांतून नवी पिसं फुटली आहेत! यांना हात धरून दाखवायला नेलं. साबण, खायला भाजीची सालं-देठं आणि माझी सेवा, बाकी काही नाही. खरं तर हे कुठेतरी छापून यायला हवं. हे म्हणाले, छान, आता मी आंघोळ कधी करू?
पंख उघडते आणि भिंतीवर आपटते. दिवसभर तेच. व्यायाम हवाच.
एक गोष्ट. दिवस मावळताना ती खिडकीकडे तोंड करून ओरडते, आणि तळ्याकडून कोणीतरी उत्तर देतं. आज मी खिडकी लावून घेतली. गार वारा नको म्हणून.

२८ जुलै
तळ्यावर चालायला जात नाही. गुडघा. बाजारातही मागच्या गल्लीने जाते. लांब पडतं, पण चालणंही होतं. (गुडघा असूनही.)

६ ऑगस्ट
सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. डोक्यावरून हंस गेले. सगळा थवा. उडत! ज्यांना मी हातही लावला नाही ते सगळे उडतात. माझी प्रार्थना सगळ्यांनाच लागू पडली असावी.
दुपारी लेक सुट्टीला आली. सामान ठेवून हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि किंचाळली. सगळं सांगितलं. ती न जेवता तळ्यावर गेली आणि फलकाचा फोटो काढून आली. चष्मा लावून मला वाचायला लावलं.
दर उन्हाळ्यात हंसांची उडायची पिसं एकदम गळतात. काही आठवडे ते उडू शकत नाहीत. मग नवी येतात. आजार नाही. कृपया हात लावू नये. खाली लिहिलंय, जोड्या जन्मभराच्या असतात.
लेक म्हणाली, आई, तळ्यावर आजारी कोणी नव्हतंच गं. मी म्हटलं, अक्षर किती बारीक आहे बघ. अक्षर बारीक नव्हतं.

७ ऑगस्ट
पहाटेच सोडायला गेलो, लोक यायच्या आत. मनात म्हटलं, उलट बरंच झालं, महिनाभर विश्रांती मिळाली तिला.
हंस काठावरच होता. तिला पाहून असा ओरडत आला की लेक रडायला लागली. दोघं पाण्यात उतरली. तो तरंगत राहिला. ती भिजली. फडक्यासारखी भिजली आणि बुडायला लागली. पंख मारले, पण वर उठता येईना. हे बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि तिला उचलून आणलं. हंस पुन्हा आमच्या मागे रस्त्यापर्यंत. या वेळी मी मागे वळून पाहिलं.

८ ऑगस्ट
पक्ष्यांच्या दवाखान्याची गाडी आली. डॉक्टरीण लेकीएवढीच. विचारलं, काकू, हिला कशाने धुतलं? म्हटलं, पाण्याने. तिने पीस नाकाशी धरलं. लिंबाचा वास येतोय. म्हटलं, किंचित साबण. यांनी घसा खाकरला. म्हटलं, दर रविवारी.
तो तेलाचा थर म्हणजे त्यांचा रेनकोट, म्हणाली. तो भरून येईल, वेळ लागेल. पण नवी कोवळी पिसं भिंतीवर आपटून मोडली आहेत. ती आता पुढच्या उन्हाळ्यात गळतील तेव्हाच नवी येणार.
मी विचारलं, आणि थवा? ऑक्टोबरात दक्षिणेला जातो, म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
पेटी गाडीत ठेवताना समोरच्या वहिनी दारात. हीच का हो नणंद?

३ सप्टेंबर
उपाय सापडला! रात्रभर विचार केला. हंस जिथे जातात तिथे आपण तिला बसने न्यायचं. पेटी मांडीवर, म्हणजे वेगळं तिकीट नाही. तिचा हंस उडत येईल, आधी पोचेल, वाट बघेल. दवाखान्यात फोन केला.
डॉक्टरीण म्हणाली, काकू, कुठे न्यायचं? ते कुठे उतरतात, कुठे चरतात, कुठल्या तळ्यावर किती दिवस थांबतात, ते त्या दोघांनाच माहीत. मी म्हटलं, तरी पण साधारण कुठे? ती म्हणाली, साधारण दक्षिणेला. मग म्हणाली, मला पेशंट आहे.
दवाखान्यात पिंजरे धुवायला येऊ का, असंही विचारलं होतं. धुण्याचं आम्ही बघतो, म्हणाली.

५ ऑक्टोबर
पिसांची पिशवी रात्री तळ्यावर नेऊन ओतली. सकाळी हे म्हणाले, उशीचं काय झालं? म्हटलं, मान दुखते उंच उशीने.

७ ऑक्टोबर
थवा गेला. केवढा आवाज. लोक रस्त्यात थांबून वर बघत होते, मुलं हात हलवत होती. मी पण वर बघितलं. मग तळ्यावर गेले. तो गेलेला नव्हता. एकटाच काठावर, रस्त्याकडे तोंड करून.
डॉक्टरिणीला फोन केला. आज आणा हो तिला. म्हणाली, अजून भिजते, थंडीने मरेल. आणि आणली तरी उडणार कशी?
देवाला म्हटलं, त्याला थांबव. लगेच वाटलं, इथे गोठायला थांबव म्हणू? मग म्हटलं, त्याला जाऊ दे. तेही तोंडातून नीट निघेना. आज पहिल्यांदा काही न मागता उठले.

१० ऑक्टोबर
तो अजून आहे. काही खात नाही, नुसता उभा.
दुपारी उंचावरून एक लहान थवा गेला, कुठल्यातरी दुसऱ्या तळ्याचा. शेवटचाच असावा. ते ओरडले. हा गप्प होता. मग ओरडला. मग उठला, तळ्याभोवती एक फेरी मारली, आमच्या घरावरून गेला, बाथरूमच्या बाजूने, आणि त्यांच्या मागे गेला.
हे शेजारी उभे होते. म्हणाले, चल, गारठलीस. मी म्हटलं, डोळ्यांत कचरा गेलाय. हे बरं म्हणाले.

४ नोव्हेंबर
हंसिणीला आज तळ्यावर सोडलं. आता भिजत नाही, छान तरंगते. तळ्याच्या मधोमध गेली, चारी दिशांना ओरडली. थांबली, ऐकलं. पुन्हा ओरडली. डॉक्टरीण म्हणाली, हिवाळाभर आमचा माणूस दाणे टाकेल, तुम्ही काही करू नका. मी हो म्हटलं.
घरी यायला निघाले तर मागे पावलं वाजली. हंसीण पाण्याबाहेर येऊन माझ्या मागे मागे चालत होती. थेट जिन्यापर्यंत आली. समोरच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या. अगबाई, म्हणाल्या, किती जीव लावलाय हो तुम्ही तिला! लेकरासारखी मागे येते.
एरवी हे वाक्य मी इथे दोनदा लिहिलं असतं.
वहिनींना म्हटलं, जीव नाही हो. तिला जायला दुसरीकडे कुठे जागा नाही.