तेकाईच्या कमरेचा पट्टा

प्रिय रेरेइती,

माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण बुधवारी फोनवर तू म्हणालीस, 'बाबा, तो एक साधा पट्टा आहे.' तू जन्मलीस ते घर मी बांधलं. नीरफणसाच्या लाकडाच्या दोन शिडाच्या नावा केल्या, एक सतरा फुटांची, एक बावीस. चर्चच्या घंटेची चौकट केली. शाळेच्या पाण्याच्या टाकीचं झाकण केलं, त्यातून आजवर एकही उंदीर आत गेलेला नाही. तुझ्या आईची शवपेटी केली, एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर. होडीची इंजिनं मी बनवली नाहीत, पण या बेटावरची सात इंजिनं खोलून पुन्हा चालू केली, आणि ते मला कुणी शिकवलेलं नाही. पहिलं जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला होता, तो अजून जपून ठेवलाय, डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. आणि पट्टे केले, अकरा. त्यातला नववा तुझ्या भावाचा, तेकाईचा. तो साधा पट्टा नाही, पोरी.

तुझा भाऊ या रविवारीही चर्चमध्ये नव्हता. हा तिसरा रविवार. इओआनेची होडी घेऊन पहाटे एकटाच ट्यूना मासे धरायला गेला, संध्याकाळी यायचा होता, इतकंच तुला फोनवर सांगता आलं. दुकानाच्या काउंटरला टेकून बोलायचं, मागे माणसं रांगेत, त्यातली निम्मी आपलं बोलणं ऐकायलाच उभी. तू रडायला लागलीस आणि बाकीचं राहूनच गेलं. म्हणून लिहितोय. दवाखान्याची नर्स मंगळवारच्या विमानाने राजधानीला, तरावाला जाते आहे. तिथे नेटवर्क चांगलं आहे, ती या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल. म्हणून अक्षर मोठं काढतोय आणि खाडाखोड करत नाही.

पट्टा कसा आहे ते नीट वाच, पुढे तुला त्याचं काम आहे. पट्टी जुन्या रुग्णवाहिकेतल्या सीटच्या पट्ट्याची, बकलही तिथलंच, पाण्यात एका हाताने उघडतं. तिच्यावर ट्रकच्या ट्यूबची पिशवी, मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेली. तोंड तीनदा दुमडून बांधलं की आत थेंब जात नाही. मी ती विहिरीत रात्रभर बुडवून पाहिली होती. आत काय ठेवायचं यावर मी दोन वर्षं घालवली. लोकांना वाटतं, जास्त ठेवलं की जास्त सुरक्षित. तसं नसतं. पट्टा जड झाला की माणूस तो काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेला पट्टा कितीही भरलेला असला तरी काय कामाचा? होडीतलं सामान होडी उलटली की समुद्राचं होतं. अंगावर आहे तेवढंच आपलं. म्हणून मी एकेक वस्तू हातात धरून विचारायचो, तू नसलीस तर काय होईल? उत्तर 'गैरसोय होईल' असं आलं की ती बाहेर. 'मरेल' असं आलं की आत.

असं करता करता जे उरलं ते हे. सुरी, पातं चार बोटं, स्वयंपाकघरातली न गंजणारी सुरी घासून केलेली. मुठीला गुंडाळलेली दोरीही सोडून वापरता येते. गळाची दोरी चाळीस वाव आणि सहा गळ. निळ्या ताडपत्रीचा तुकडा, पावसाचं पाणी धरायला, आणि होडीच्या तळात साचलेलं पाणी ओढून प्यायला हातभर नळी. लायटर, रबरात गुंडाळलेला. इंजिनचा एक जादा प्लग आणि तो खोलायचा पाना, तोही मी अर्धा कापून हलका केलेला. आणि आरसा. काचेचा नाही, काच फुटते. डब्याच्या स्टीलच्या झाकणाचा, तळहाताएवढा, राख लावून चकचकीत केलेला, मधोमध खिळ्याचं भोक. भोकातून जहाज बघायचं आणि उन्हाचा ठिपका त्याच्यावर नेऊन सोडायचा. हे मी तेकाईला किनाऱ्यावर बसवून शिकवलं. त्याने चर्चच्या क्रॉसवर ठिपका मारायचा सराव केला, तोही फादरचं प्रवचन चालू असताना. फादर खिडकीतून ओरडले, 'बाकोआ, पोराला आवर, देवाचे डोळे दिपतील!' मी वरवर रागावलो. मनातून खूश होतो. नेम बरोबर बसला होता.

तुझा भाऊ पट्ट्याला किती वैतागायचा ते तुला ठाऊकच आहे. 'बाबा, मी मासे मारायला जातोय, घर बदलायला नाही.' आणि त्याचे मित्र! तो किनाऱ्यावर दिसला रे दिसला की एकजण ओरडायचा, 'आलं रे फिरतं दुकान! दोन डॉलरची साखर दे!' दुसरा म्हणायचा, 'उधार मिळेल का?' एकदा तो पट्टा फुटबॉलच्या मैदानावर टाकून आला, एकदा कुणाला तरी वापरायला दिला. मी मागून आणायचो, मीठ धुवायचो, लायटर भरायचो, कारण हा पठ्ठ्या त्याच्यावर विड्या पेटवायचा. रोज संध्याकाळी पिशवी उघडून सगळं तपासून दाराजवळच्या खिळ्याला टांगायचो. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळीही तपासलं होतं. सगळं होतं. प्लगसुद्धा.

आता खिळा रिकामा आहे. पहिल्या आठवड्यात तेवढ्यावर मी तग धरला. होड्या शोधायला गेल्या, तरावाहून विमान येऊन दोनदा फिरून गेलं, काही दिसलं नाही, तरी म्हटलं, खिळा रिकामा आहे म्हणजे पट्टा त्याच्या अंगावर आहे. मग शेजारची कबुता आली आणि हळू आवाजात म्हणाली, 'बाकोआ, तुला सांगावं की नको ते कळत नव्हतं. मी पाहिलं त्याला त्या पहाटे. उघड्या अंगाने होडी ढकलत होता. कमरेला काही नव्हतं.'

रेरेइती, पुन्हा कुणाला दिला असेल का? मी घरोघर विचारत फिरलो. कुणाकडे नव्हता. मग आठवलं, होडी लाटांतून ढकलताना तो पट्टा गळ्यात अडकवतो, ओला झाला की कातडी सोलते म्हणून. मी अकरावा पट्टा घेतला, तेकाई उभा होता त्याच जागी जाऊन उभा राहिलो आणि कबुताला तिच्या चुलीजवळ बसवलं, जिथून तिने पाहिलं होतं तिथेच. पट्टा कमरेला बांधला. 'दिसतो की!' ती ओरडली. गळ्यात घातला. 'दिसतो.' वर टॉवेल टाकला. 'आता नाही दिसत.' मी धावत वर आलो. 'त्याच्या गळ्यात टॉवेल होता का?' ती म्हणाली, 'अरे, मी पाव भाजत होते, तुझ्या पोराचे टॉवेल मोजत नव्हते.' मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती रडायला लागली, मग मी घरी आलो. टॉवेल होता की नव्हता, एवढ्यावर माझा मुलगा जिवंत आहे की नाही हे अडकून पडलं होतं. जेवताना टॉवेल, प्रार्थनेत टॉवेल. घरातले टॉवेल मोजले तर ते किती होते तेच मला ठाऊक नव्हतं. टाकीच्या झाकणाचं माप अजून तोंडपाठ आहे, आणि घरातल्या टॉवेलांचा पत्ता नाही.

अशातच बुधवारी इओआने आला. एकटा नाही, नाबौआ आजोबा आणि सभाघरातले आणखी दोन वडीलधारे बरोबर. चटई घेऊन आले, तंबाखू घेऊन आले. तेव्हाच मला कळलं कशासाठी आलेत. इओआने वाईट माणूस नाही. होडी त्याची, दुःख त्यालाही आहे. बसल्या बसल्या तो रडला आणि बोलून गेला की होडीबरोबर जे संकटाचं यंत्र मिळालं होतं, बटण दाबलं की आकाशातून पत्ता लागतो ते, ते त्याच्या कपाटात आहे. कुलपात. 'एवढं महागाचं यंत्र, बाकोआ. होडीत ठेवलं असतं तर कुणीतरी पळवलं असतं. मी जपून ठेवलं.' अजून त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्याला कसा दोष देऊ? आपल्या बेटावर चांगली वस्तू सगळे अशीच जपतात, पेटीत, चटयांच्या खाली. तुझ्या आईने लग्नातली कात्री कधी वापरली का?

मग इओआनेने पैसे काढून चटईवर ठेवले. घेतले की पोरगा गेला हे घराने मान्य केलं असं होतं. मग दुखवट्याचं जेवण, प्रार्थना, आईच्या कबरीशेजारी क्रॉस, आणि पोलीस तरावाला कळवणार की घरच्यांनी आशा सोडली. मग लक्ष ठेवा म्हणून जहाजांना कोण सांगत बसणार? मी घेतले नाहीत, पण परतही सरकवले नाहीत. रविवारपर्यंत नाबौआ आजोबांकडे राहू द्या म्हटलं. त्याच दिवशी तुझा फोन आला. तू म्हणालीस, 'बाबा, घ्या. मी तिकीट बघते. आपण त्याच्यासाठी नीट प्रार्थना करू.' तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू तिथे परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करतेस, माणसं जाताना रोज बघतेस. मीही शुक्रवारपर्यंत तुझ्याच मतावर आलो होतो.

शुक्रवारी कबुता माझ्यासाठी पाव घेऊन आली आणि चहा टाकायला बसली. 'साखर कुठे आहे?' म्हणाली. मी साखर कुठे खातो? डॉक्टरने बंद केल्यापासून तो डबा तेकाईचाच. तिने चमचा घातला आणि तो टण्णकन वाजला. 'बाकोआ,' ती म्हणाली, 'तू साखरेतसुद्धा इंजिन ठेवतोस का रे?' तिच्या चमच्यावर कागदात गुंडाळलेला प्लग होता.

त्याने प्लग काढून ठेवला होता! इंजिन बंद पडलं असेल तर ते चालू करायला त्याच्याकडे काही नाही. रागाने मी तो प्लग भिंतीवर फेकायला उचलला, आणि तसाच उभा राहिलो. आदल्या संध्याकाळी प्लग पिशवीत होता. म्हणजे त्या पहाटे माझ्या नकळत त्याने पिशवी उघडली, प्लग काढला, दमट हवेत गंजू नये म्हणून कागदात गुंडाळला आणि मी कधीच हात घालणार नाही अशा डब्यात लपवला. कशासाठी? पिशवीत जागा करायला. मी कुडाच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्याचा लाल कंगवा खोचलेला असतो. तो नाही. येताना उत्तरेच्या गावात कुणाला तरी भेटायचं असणार. कोण ती, मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर तिलाही कळव. पण बघ, जो पट्टा घालायचाच नाही, त्यात कुणी कंगवा ठेवायला जागा करतं का? कबुता म्हणाली, 'असेल रे टॉवेल. असणारच.' आता मला तिच्या टॉवेलची गरज नव्हती.

तेव्हा तुझ्याकडे मागणं हे. येऊ नकोस, तिकीट काढलं असलंस तर परत कर. तुला इंग्रजी येतं. मासेमारीच्या मोठ्या जहाजांची ऑफिसं जिथे आहेत तिथे, नौरूला, होनियाराला, माजुरोला लिही, फोन कर, त्यांना कंटाळा येईपर्यंत कर. प्रवाह या दिवसांत पश्चिमेकडे नेतो. होडी पांढरी, हिरव्या पट्ट्याची, एकोणीस फूट. निळी ताडपत्री. एकच माणूस, बावीस वर्षांचा, डाव्या भुवईवर व्रण. ऊन असताना पाण्यालगत लुकलुकणारा ठिपका दिसला तर ती लाट समजू नका म्हणावं, तो माझ्या हातचा आरसा आहे आणि पोराचा नेम चांगला आहे. यंदा पाऊस बरा आहे. गळ सहा आहेत. मला भीती वाटत नाही असं नाही; हे लिहिताना दोनदा उठून किनाऱ्यावर जाऊन आलो. भीती ऑफिसवाल्यांना सांगू नकोस, बाकीचं जसंच्या तसं सांग. आणि इओआने तुला फोन करेल, 'बापाला समजाव' म्हणेल, म्हणून त्याच्याआधी माझ्याकडून ऐक. आज प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर त्याने पैसे पुन्हा माझ्या पुढ्यात ठेवले. एवढी रक्कम या सभाघरात चटईवर कुणी पाहिली नसेल. मी ती दोन्ही हातांनी, मान खाली घालून, त्याच्याकडे परत सरकवली. 'पैसे नकोत, ते यंत्र कपाटातून काढून उद्या समुद्रावर जाणाऱ्या होडीत ठेव,' एवढंच म्हणालो. पाच हजार डॉलर होते.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा