बाजूच्या सीटवरून

भातकुली, रविवार

चि. कुलदीप यास रश्मीआत्याचे आशीर्वाद. (राग आला म्हणून दिलेले आशीर्वाद परत घेता येत नाहीत, नाहीतर घेतले असते.) तुझ्या डोळ्यांची आग थांबली का? आरतीवहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझ्या बाबांची चौकशी करत नाही. त्यांची तब्येत उत्तमच असणार.

"नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा माझ्या गेमचं बारसंही तूच कर," असं तू म्हणालास म्हणून मी दोन एसट्या बदलून, पेढे घेऊन अकोल्याला आले. वहिनीनं लॅपटॉपला कुंकू लावलं. त्याच्या कानात (म्हणजे स्पीकरच्या जाळीत) नाव सांगायला मी वाकले आणि तू गेम सुरू केलास. नाव तोंडातच राहिलं.

आमच्या लहानपणी टिळक रोडवरच्या व्हिडिओ गेम पार्लरात जो गाड्यांचा गेम होता, तोच तू हौसेनं नव्यानं केलास, समुद्राकाठच्या रस्त्याऐवजी अकोला-अमरावती रस्ता घातलास, इथवर कौतुक. (अकोल्याहून निघालेली गाडी मूर्तिजापूरच्या आधी मोझरीला कशी पोचते, ते मात्र तुझ्या इंजिनिअरिंगच्या मास्तरांना विचार. मोझरी अमरावतीच्याही पुढे, नागपूरकडे. लहानपणी मीच तुला नेलं होतं. तू रस्ताभर झोपला होतास, ते आता दिसलं.) पण लाल गाडीच्या स्टिअरिंगवर तुझे बाबा! आणि बाजूला दोन वेण्या, हिरवा फ्रॉक, वळण आलं की किंचाळणारी मी!

अरे, नाणं दादाचं असायचं, गाडी माझी. त्याला दुसऱ्याच वळणाला गरगरायचं. माझ्या फ्रॉकचा पट्टा धरून तो डोळे मिटून उभा राहायचा. मी खेळायला लागले की मोठी मोठी पोरं आपला खेळ सोडून मागे येऊन थांबायची. हे मी तिथेच सांगितलं, तर दादा सोफ्यावरून म्हणतो, "कावून खोटं बोलून राहिली वं? तुले तं सायकलबी येत नव्हती." सगळे हसलात. तूही हसलास. सायकल येत नव्हती, कारण ती दादाची होती आणि मला तिला हात लावू देत नव्हते! पुढे घरात मारुती आली, तिची किल्लीही त्याच्याच खिशात. लग्नानंतर यांची गाडी, बाजूला मी, मांडीवर डबा. आयुष्यात एकच गाडी माझी होती, तीही तू दादाला देऊन टाकलीस. फार चीड आली, कुलदीप. एसटीत रडू आलं.

गेममध्ये मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेसाठी तू फाटक पाडतोस. बंद पडलेल्या आगगाडीसाठी सगळा रस्ता थांबवतोस आणि धडधाकट आत्याला एका शब्दानं विचारत नाहीस? दुरुस्ती होईतो नाव सांगणार नाही. राहू दे गेम बिनबारशाचा. पेढे मी परत आणले, ते यांनी खाल्ले.

तुझी (सध्या नाइलाजानं)
रश्मीआत्या

ता. क. हिरवा फ्रॉक छान जमलाय, तो ठेव. फक्त त्या पोरीला स्टिअरिंगवर बसव. किंचाळणं दादाला दे.

आणखी एक. ते सगळं सावकाश कर. आधी हे ऐक: मी शिकाऊ लायसन काढलं आहे. ड्रायव्हिंग क्लासला जाते तेव्हा यांना वाटतं, मी बचत गटाच्या कामाला जाते. पुढच्या सोमवारी पक्क्या लायसनची परीक्षा आहे आणि वळण आलं की माझे हात थरथरतात. शनिवारी गाडी घेऊन ये. बाजूला तू बस. किंचाळायचं नाही.