सणाला बरी, कामाला आजारी

अल्लीपूर, १८ मे १९७९

तीर्थरूप दादास, जयवंताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल, मीच तेवढी नाई. उन्हात वावरात गेली का पाय जड पडते. काल कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वेचता वेचता वावराच्या धुऱ्यावर पडली. एका डोळ्याले धुकं दिसते. सासूबाई म्हणते, सणाला बरी, कामाला आजारी. तू मास्तर, तुह्या शब्दाले इथं वजन आहे. चार दिवस मले नेजो, दवाखान्यात दाखवजो. वहिनीच्या जाड शेवयांले नावं ठेवणार नाई.

तुह्या मायेची,
जयवंता

नालवाडी, २५ मे १९७९

चि. जयवंतास अ. उ. आ.

दिवाळीत इथे फुगडी खेळलीस, तेव्हा पाय जड नव्हते? शाळेत पोरांची पोटदुखी मी रोज पाहतो, गणिताच्या तासालाच उठते. सोंग पुरे. गरम पाण्याने पाय शेक आणि कामाला लाग. मी न्यायला येणार नाही.

तुझं भलं चिंतणारा,
नानाजी

नालवाडी, ९ एप्रिल १९८४

चि. जयवंतास अ. उ. आ.

तुझ्या यजमानांनी, चंद्रभानजींनी, तुला मोठ्या दवाखान्यात दाखवलं, त्या डॉक्टरांना काल भेटलो. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणाले. विजेच्या तारेवर असतं तसं मेंदूतल्या नसांवर आवरण असतं. ते राखणाऱ्या पेशींवर ताण आला की त्या काम टाकून आधी जीव धरून बसतात, असा त्यांचा अंदाज. ताण ओसरला की काही पुन्हा कामाला लागतात, म्हणून माणूस बरा दिसतो. काही मरतात. अन् अंग तापलं की उघडी पडलेली नस निरोपच नेत नाही.

शेक घे असं मीच लिहिलं होतं. माझी अक्कल कुठं शेण खायला गेलती बाई? महिनाअखेरीस जीप घेऊन तुले न्यायले येतो. नाही म्हणू नको.

तुझा अपराधी,
नानाजी

अल्लीपूर, १४ एप्रिल १९८४

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

पेन हातात टिकत नाई, म्हणून मी सांगते अन् माहे मालक लिहून देऊन राह्यले. येजो, पण न्यायले नाई. आता जीपमधी बसणं होत नाई.

दादा, तुह्या पत्रावर माहा विश्वास बसलता. मास्तर खोटं काऊन लिहीन? मले वाटे, मीच सोंग करून राह्यली. पाय उचलला नाई का मी त्याले लाकडानं मारत होती. पाच वर्षं मारलं.

माफी नको मांगू. एका कागदावर लिहून आणजो अन् वाचून दाखवजो, का जयवंता खरं बोलत होती. सासूबाईसाठी नाई. मले ऐकाले पायजे.

लहानीवरची माया सोडू नको,
जयवंता