बाईंनी दिलेला पँटपीस

बाई, आज कपाट आवरताना तुम्ही दिलेल्या कापडाची पँट सापडली. कमरेत आता बसत नाही, पण टाकवतही नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ती हातात घेतली आणि मी एकटाच हसत सुटलो.

औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानावरची ती खोली तुम्ही पाहिली होती. शहराच्या केबलवर रोज संध्याकाळी लोकांच्या फर्माइशीची गाणी लावायची आणि मध्ये बडबड करायची, ही माझी पहिली नोकरी. एक टेबल, एक खुर्ची, एका जागी खिळलेला कॅमेरा. उकाडा असा की वर शर्ट-टाय आणि टेबलाखाली पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी. तोंडाला लगाम नव्हताच. कुणी सलग तिसऱ्या दिवशी तेच रडकं गाणं मागितलं, की मी म्हणायचो, "दादा, ती गेली. आता तुम्ही बी दुसरं गाणं लावा." कुणी "हर्सूलहून बोलतोय" म्हटलं, की विचारायचो, "जेलच्या आतून का बाहेरून?" पोरं खूश, मोठी माणसं तापलेली. शेवटी केबलच्या मालकांनी बजावलं, "तुझी ही भाषा सुधार. अजून एक तक्रार आली, तर उद्यापासून येऊ नको." टीव्हीवर दिसतो म्हणून गल्लीत जरा मान मिळू लागला होता. मी खरंच घाबरलो.

आणि त्याच संध्याकाळी फोन वाजतो. "हर्सूलहून बोलतेय. बाहेरून." आवाज ओळखून माझे पाय ताठ होतात. "शाळेत निबंधात 'लई' लिहिलंस, म्हणून शंभर वेळा 'खूप' लिहायला लावलं होतं. लिहिलं होतंस ना?" "व्हय बाई... हो बाई," म्हणत मी सरळ उभा! बाईंनी विचारलं की उभं राहून उत्तर द्यायचं, ही तुमचीच शिस्त. कॅमेरा जागचा हलत नाही. माझं डोकं चौकटीच्या बाहेर, आणि अख्ख्या शहराला दिसतेय ती चड्डी, लोंबत्या नाडीसकट. तुम्हीही घरी टीव्हीवर ते पाहिलंत. मग हसलात. पाच वर्षं तुमच्या वर्गात होतो, पण तुमचं हसू तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "खाली बस, गाढवा," म्हणालात, "आणि गाणं लाव. तुझा कार्यक्रम लई भारी असतो."

बाईच 'लई' म्हणाल्यावर मालक काय बोलणार? चार दिवसांनी तुम्ही धापा टाकत जिना चढून आलात आणि कागदात गुंडाळलेला पँटपीस माझ्या हातात ठेवलात. "शिवून घे. मी पुन्हा फोन करणार आहे." मालकांनी स्वतः तुमच्यासाठी चहा मागवला.

एक सांगायचं राहिलं. ते शंभर वेळा मी लिहिलं नव्हतं. वीस झाल्यावर कंटाळलो, बाकीचे ताईनं लिहिले. सगळ्या शहरासमोर तुमच्याशी खोटं बोललो. आज भरपाई करावी म्हणून लिहायला घेतलं, 'बाई, तुमची खूप आठवण येते.' लिहिलं आणि खोडलं. हा कागद आता त्या पँटच्याच खिशात राहील, म्हणजे लाल शाईची भीती नाही. बाई, तुमची लई आठवण येते.