घट्ट ब्रेक

शिरूर, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय नथानिएलमामांस,
रेचलचा सप्रेम सलाम वि. वि.

मागच्या पत्रात एक चुकीचं लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करते. अंगात ताकद नाही, लॅबपर्यंत सायकल रेटवत नाही, म्हणून महिनाअखेर नोकरी सोडते, असं लिहिलं होतं. अशक्तपणा माझा नव्हता, सायकलचा होता. तुम्ही तुमच्या सायकलच्या दुकानात शिकवलं होतं तसं मागचं चाक उचलून फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही. ब्रेकचे रबर रिमला घासत होते. नट ढिला करून वायर सैल केली, चाक मोकळं झालं. दुसऱ्या सकाळी पुन्हा घट्ट.

घरात आत्या आणि मी, दोघीच. खोटा आळ घ्यायचा नाही, आणि फोनवर बोलावं तर आत्या शेजारीच बसते. म्हणून पत्र. आणखी काय तपासू? ती रोज रक्तवाढीची गोळी स्वतःच्या हातानं देते आणि म्हणते, झेपत न्हाई तर घरी बस, मी हाय ना.

मामींना सलाम. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची रेचल


दौंड, ७ फेब्रुवारी

चि. रेचल हिस अनेक आशीर्वाद.

मामी म्हणाली, पोरीला डॉक्टरऐवजी सायकलच्या मिस्त्रीकडंच न्यायला पाहिजे होतं.

आधी रिम बघ. वाकडी असेल तर एकाच जागी घासते. मग स्प्रिंग, ती मेली असेल तर ब्रेक सोडल्यावर रबर मागं येत नाही. गंजलेली वायरही अडकते. पण यातलं काहीही रातोरात नट फिरवत नाही. आणि रबर किती उरलंय ते आजच बघ. सारखं घासून ते संपतं, लोखंड रिमवर येतं आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही.

तुझ्या आत्यावर, दयाबाईंवर चिडू नकोस. तुझी आई शिक्रापूरच्या चौकात ट्रकखाली गेली तेव्हा मी बहिणीसाठी रडत बसलो, तुला मांडीवर घेतलं ते त्यांनी. पण भीती त्यांची आहे, ती तुझ्या चाकाला बांधायची नाही. आमचं दार उघडं आहे.

तुझा मामा


शिरूर, ११ फेब्रुवारी

प्रिय मामांस, स. सलाम वि. वि.

रिम सरळ, स्प्रिंग चांगली, वायर नवीच. रबर मात्र लोखंडापर्यंत गेलेले. काल नवे आत्यासमोरच बसवले आणि सांगितलं, की ब्रेक घट्ट केल्यानंच रबर झिजले, उतारावर मी थांबले नसते. तिनं नाकारलं नाही. घट्ट असला म्हंजी पोरगी हळू जाईल, येवढंच मला कळतंय, म्हणाली. मग जुनं रबर हातात घेऊन बराच वेळ बसली. मला वाटलं, मिटलं.

आज सकाळी नवं रबर रिमला चिकटलेलं होतं. सगळं समजूनही. ती चहा गाळत होती, वर बघितलं नाही. पाना हाताशी होता, पण मी सैल केलं नाही. सायकल तिथंच ठेवून चालत गेले. मामा, तिच्या चहाला नाही म्हणता येत नाही, गोळीला नाही म्हणता येत नाही, आणि असं करत करत उंबऱ्याबाहेर पाय टाकणंच जमेनासं झालंय.

नोकरी सोडत नाही. लॅबमधली सुवर्णा लॅबच्याच गल्लीत राहते, तिनं खोलीत जागा देऊ केली आहे, तिकडं राहायला जाते. पळून जाणार नाही. रविवारी उपासनेनंतर आत्याला स्वतः सांगेन. रडली तरी शब्द मागे घेणार नाही. रोज संध्याकाळी भेटायला येईन, सायकलवरूनच, हेही सांगेन. दौंडला येत नाही म्हणून मामींनी रुसू नये. तेवढं लांब गेले तर तिला सोडल्यासारखं होईल.

तुम्हा दोघांची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची रेचल

ता. क. सुवर्णाकडे जायचा दिवस लिहिला नाही तर मी तो पुढे ढकलत राहीन. सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी.